लोकअभिरक्षक कार्यालय, म्हणजे सरकारचा मोफत वकील: माझ्या भाच्याचे 49 दिवस आणि ही सेवा

पाचपैकी चार चांदण्या. पाचवी का ठेवून घेतली ते पुढं येईलच.

मी पिठाची गिरणी चालवते. गिरणीबद्दल गिऱ्हाईक काय सांगतं? दळण बारीक आलं का भरड, लाईट गेल्यावर किती वेळ बसावं लागलं, बाई बोलायला कशी आहे. ह्या सेवेबद्दल मी तसंच लिहिणार आहे, कारण मीही तिथं गिऱ्हाईक म्हणूनच गेले होते. फरक एवढाच की इथं एक पैसा लागत नाही, आणि गरज पडते तेव्हा माणसाच्या पायाखालची जमीन सरकलेली असते.

माझा भाचा बावीस वर्षांचा आहे. बहीण गेल्यापासून माझ्याकडेच असतो, गिरणीत मदत करतो. 2025 च्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी दोन पोलीस आले. शेजारच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती आणि पकडलेल्या पोरांनी ह्याचं नाव घेतलं होतं. "चौकशीला नेतोय, सकाळी सोडतो," म्हणाले. त्याच्या अंगावर पीठ तसंच होतं. कागद दिला नाही, सही घेतली नाही, कुठल्या गुन्ह्यात नेतोय ते सांगितलं नाही. सकाळी मी डबा घेऊन ठाण्यात गेले तर तो कोर्टात नेलेला. तीन दिवस पीसीआर, मग एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलिसांच्या ताब्यात आणि एमसीआर म्हणजे जेलमध्ये, एवढा अर्थ समजायलाच मला आठवडा गेला.

त्यानं चोरी केली का नाही, ते मी इथं लिहिणार नाही. केस चालू आहे, ते कोर्ट ठरवेल. ज्या शेतकऱ्याची केबल गेली त्यांचा ऊस ऐन उन्हाळ्यात वाळला, हेही मला ठाऊक आहे. त्यांचं नुकसान खरं आहे. पण कोर्टानं ठरवायच्या आधीच पोरगं आत बसलं, आणि का बसलं हे त्याला कुणी नीट सांगितलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

कोर्टाच्या आवारात एक वकील भेटले. पंचवीस हजार म्हणाले, आठ हजार आधी घेतले. दोन तारखांना आलेच नाहीत, फोन केला की "साहेब सुट्टीवर आहेत". त्यांचं नाव मी लिहीत नाही, पण त्या आठ हजारांत गिरणीचा मागच्या महिन्याचा गल्ला होता. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" हे ऐकतच आम्ही मोठे झालो. त्याचा परिणाम असा की ती पायरी नेमकी कुठल्या दाराशी आहे हेच आम्हाला माहीत नाही.

ह्या सेवेचा पत्ता मला बाहेर कुणी दिला नाही, भाच्यानं जेलमधून दिला. एकोणतिसाव्या दिवशी मुलाखतीला गेले होते. काचेच्या पलीकडं तो, अलीकडं मी, दोघांच्या हातात फोन. पहिल्यांदा त्यानं विचारलं, "मावशी, दगडाला टाकी मारून घेतलीस का? ज्वारी भरड येत असंल." मला बोलता येईना. मग म्हणाला, "इथं आठवड्याला एक वकील येतात. पैसे मागत नाहीत. माझं नाव लिहून नेलंय. तू कोर्टातल्या त्यांच्या हापिसात जा."

गेले. जिल्हा न्यायालयाच्या आवारात मागच्या बाजूला तळमजल्यावर खोली आहे, वर पाटी "लोकअभिरक्षक कार्यालय". ह्या पाटीसमोरून मी आधी चार वेळा गेले असेन. मला वाटायचं जुने कागद ठेवायची जागा असेल. लोकअभिरक्षक म्हणजे आरोपीच्या बाजूनं उभा राहणारा, सरकारनं पूर्णवेळ नेमलेला वकील, हे त्या शब्दावरून साध्या माणसाला कसं कळावं? खाली मोठ्या अक्षरांत "इथे वकील मोफत मिळतो" एवढं लिहिलं तरी निम्मं काम होईल. फिर्यादीच्या बाजूनं जसा सरकारी वकील असतो तशीच आरोपीच्या बाजूनं ही व्यवस्था, 2022 पासून देशभर टप्प्याटप्प्यानं उभी राहतेय. हे वकील खाजगी केस घेत नाहीत, म्हणून तारखेला हजर असतात. आमच्या बाबतीत एकही तारीख चुकली नाही.

आत चार टेबलं, लोखंडी कपाट, कोपऱ्यात माठ. तिशी-पस्तिशीतल्या एक मॅडम लिहीत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "बसा मावशी. आधी पाणी घ्या." पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "ते काय काम करतात?"

मला कळेचना त्या कुणाबद्दल विचारतायत. माझ्या भाच्याबद्दल विचारत होत्या. महिनाभर मी सगळीकडं "कोण तुझा तो?", "कुठला रे हा?", "आत टाकलाय तो का?" हेच ऐकत आले होते. ठाण्यात, कोर्टाच्या व्हरांड्यात, खरं सांगायचं तर आमच्या गल्लीतसुद्धा. आणि ह्या बाई बावीस वर्षांच्या, चोरीच्या केसमधल्या पोराला "ते" म्हणत होत्या. "ते शिकलेत किती? त्यांना वाचता येतं ना? त्यांना काही औषध चालू आहे का?" मी उत्तरं देत गेले आणि देता देता माझीच पाठ सरळ झाली. पुढं भाच्यानं सांगितलं की जेलमध्ये येणारे वकीलही त्याला "तुम्ही" म्हणतात, आणि पहिल्या दिवशी त्याला वाटलं ते मागच्या कुणाशी तरी बोलतायत.

ह्या सेवेत मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं म्हणाल तर हेच. कायदा मॅडमना येतोच, तो त्यांचा धंदा आहे. पण माणसाशी माणसासारखं बोलल्यावर माणूस खरं सांगतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आधीच्या वकिलाला भाच्यानं जे सांगितलं नव्हतं ते ह्यांना सांगितलं, आणि जामिनाच्या अर्जात तेच कामाला आलं.

मग त्यांनी एकेक गोष्ट विचारली. अटक झाली तेव्हा घरी कुणाला कळवलं? अटकेच्या कागदावर घरच्या कुणाची किंवा साक्षीदाराची सही आहे का? डॉक्टरनं तपासलं का? कोर्टात पहिल्यांदा नेलं तेव्हा बरोबर वकील होता का? मी प्रत्येकाला "माहीत नाही" म्हणत होते. तेव्हा त्यांनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला लिहून दिलं. तो कागद अजून गिरणीच्या गल्ल्यात आहे. अटक केल्यावर चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, ते संविधानाच्या बाविसाव्या कलमात आहे. घरच्यांना कळवायचं, अटकेचा कागद साक्षीदारासमोर करायचा, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करायची, हे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1996 मध्येच सांगून ठेवलंय. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस देऊन बोलवायचं. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. म्हणजे माझ्या भाच्याला नोटीस देऊन बोलावता आलं असतं. तो पळून जाणार कुठं? रोज सकाळी सात ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ तो गिरणीत सापडतो.

जे आत आहेत त्यांना वकील मोफत मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात तसं आहे. त्याच कलमात बायकांनाही मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणजे उद्या घरमालकानं गिरणीच्या जागेवरून कोर्टात खेचलं तर मलासुद्धा. मी चोपन्न वर्षांची आहे आणि हे मला 2025 मध्ये कळलं. कायदा लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला. तीस वर्षं!

मॅडमनी एक जुनी गोष्टही सांगितली. बिहारमध्ये काही माणसं अशी आत होती की गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्यापेक्षा जास्त दिवस ती खटल्याविनाच बसून होती. हुसैनारा खातून खटल्यात 1979 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की लवकर खटला चालणं आणि गरिबाला वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. आता परिस्थिती काय? 2022 अखेरचे सरकारी आकडे त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यात होते: देशभरच्या जेलमध्ये 5,73,220 माणसं, त्यातली 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचाय अशी. शंभरांतली पंच्याहत्तरहून जास्त. शंभर माणसांच्या जागेत एकशे एकतीस. भाचा म्हणायचा, "रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून बदलावी लागते," त्याचा अर्थ तो तक्ता बघताना माझ्या डोक्यात शिरला.

अडतिसाव्या दिवशी जामीन झाला. पंधरा हजारांचा, एका ऐपतदार जामीनदारावर.

मला वाटलं संपलं. तिथून पुढचे अकरा दिवस सगळ्यात वाईट होते. जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा नाहीतर घरपट्टी आहे, जो ऐपतीचा दाखला काढून कोर्टात येऊन उभा राहील असा माणूस. माझी गिरणी भाड्याच्या जागेत. नवऱ्याच्या भावाची अडीच एकर आहे, पण जाऊबाईंनी दारातच सांगितलं, "चोराच्या कागदावर आमची जमीन नको." मी त्यांना दोष देत नाही. कागदावर जमीन लिहून द्यायची भीती आमच्याकडं पिढ्यान् पिढ्यांची आहे. कोर्टाबाहेर काही माणसं पैसे घेऊन जामीनदार उभे करून देतात, तेही विचारून गेले. मॅडमनी ठणकावून सांगितलं, तसलं काही करायचं नाही, खोटा जामीनदार निघाला तर तुम्ही आणि पोरगा दोघंही अडकाल.

मग त्यांनी रस्ता काढला. सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे हे मोफत वकील पुरवणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवायचं, आणि प्राधिकरणानं त्याच्या घरची स्थिती बघून कोर्टाकडून अटी सैल करून घ्यायला मदत करायची. तसं झालं. एक विधी स्वयंसेवक घरी आले. गिरणीचं भाड्याचं करारपत्र, लाईट बिल, भाच्याचा शाळेचा दाखला असं सगळं बघून टिपण केलं. गिऱ्हाइकांनाही विचारलं, पण दळण घेऊन आलेल्या बायकांसमोर "केस" हा शब्दही तोंडातून काढला नाही. "हा मुलगा इथं किती वर्षं काम करतो?" एवढंच विचारलं. त्या टिपणावर कोर्टानं जामीनदाराची अट काढून जातमुचलका, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच सहीची हमी, आणि पाच हजार रोख भरायला सांगितलं. एकोणपन्नासाव्या दिवशी संध्याकाळी पोरगं जेलच्या दाराबाहेर आलं. रिक्षात बसल्यावर पहिल्यांदा हात बघत होता. हाताला पीठ नव्हतं कितीतरी दिवस.

आता पाचवी चांदणी. ही सेवा चांगली आहे, पण उशिरा सुरू होते. आमच्या बाबतीत ती तिसाव्या दिवसापासून पुढं सुरू झाली. ती पहिल्या रात्री ठाण्यात असायला हवी होती. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं 2019 मध्येच ठरवलंय की अटकेच्या आधी, अटकेच्या वेळी आणि रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवायला कोर्टात उभं करतात तेव्हा, वकील मिळाला पाहिजे. रिमांडच्या वेळी भाच्याला विचारलं होतं म्हणे, "वकील आहे का?" त्यानं "हो" म्हणून मान हलवली. "का हलवलीस?" विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं सगळ्यांना असतोच." कुणी अर्धं मिनिट थांबून "तुमच्या वकिलाचं नाव काय?" एवढं विचारलं असतं तर महिना वाचला असता.

आणि एक कायदा आला म्हणून सगळं झालं असं होत नाही, हेही मला इथं कळलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक, जामीन, खटला ह्यांच्या नव्या कायद्याचं, 479 कलम आहे. पहिल्यांदाच आत आलेल्याला त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस काढल्यावर सोडायचं, आणि तो अर्ज जेलच्या अधीक्षकांनी स्वतःहून करायचा. चांगलं आहे. पण भाच्याच्या गुन्ह्याचा हिशोब केला तर तीन वर्षांची एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. वर्षभर गिरणी बंद ठेवून कोण जगेल? म्हणून माझं म्हणणं आहे की सुधारणा करायची ती सुरुवातीच्या टोकाला करा, अटकेच्या क्षणाला.

हेच म्हणणं मी नंतर तोंडानं मांडलं. श्रावणात प्राधिकरणाचं कायदेविषयक शिबिर आमच्या शाळेत झालं. न्यायाधीश आले होते, मॅडम होत्या, पोलीस ठाण्याचे अधिकारीही होते. मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं, "मावशी, तुमच्या केसबद्दल बोलू नका. सगळ्यांसाठी प्रश्न विचारा." मी उभी राहिले. हात थरथरत होते. "साहेब, रात्री तुमची माणसं पोराला घेऊन जातात तेव्हा तुमच्यावरही कामाचा ताण असतो, ते मला कळतं. पण जाताना घरातल्या बाईच्या हातात एक कागद द्याल का? नाव, गुन्हा, कुठं नेताय आणि मोफत वकिलाचा 15100 नंबर. मग बाई रात्रभर दारात बसणार नाही." शाळेत शांतता झाली. साहेब चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "ताई, कागद द्यायचा नियमच आहे. आमच्याकडून राहत असेल तर ते बरोबर नाही." त्यांनी तिथंच हवालदारांना वहीत लिहायला सांगितलं. पुढच्या महिन्यात ठाण्याच्या भिंतीवर तो नंबर मोठ्या अक्षरांत लागला, मी स्वतः बघून आले.

नोव्हेंबर 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका खटल्यात स्पष्टच सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, तीही त्या माणसाला समजेल अशा भाषेत. मॅडमनी फोन करून कळवलं. माझ्या भाच्याच्या वेळी हा निकाल नव्हता, पुढच्या कुणाच्या तरी भाच्याला मिळेल.

केबलवाल्या शेतकऱ्यांचं सांगायचं राहिलं. फिर्यादीशी केसबद्दल चकार शब्द काढायचा नाही, तो दबाव समजला जातो, असं आम्हाला बजावलं होतं, म्हणून मी त्यांच्या वाटेला गेले नाही. दिवाळीच्या आधी तेच भाजणीचं दळण घेऊन आले. भाचा गिरणीतच होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी म्हणाले, "दादा, केसबद्दल बोलायची आम्हाला मनाई आहे." ते म्हणाले, "मीपण नाही बोलत. भाजणी जरा जाडसर काढा." भाचा उठला, दगड सैल केला, आणि भाजणी जाडसर काढून दिली. पैसे त्यांनी मोजून दिले, मी मोजून घेतले.

कुणाला जायचं असेल तर: आपापल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात विचारा, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. माणूस आत असेल तर जेलमध्येही कायदा सहाय्य केंद्र असतं, त्याला आतूनच नाव द्यायला सांगा. बरोबर एफआयआरची प्रत (नसली तरी जा, तेच काढून देतात), रिमांडचा कागद, आधार कार्ड, आणि त्याला काही आजार असेल तर औषधाची चिठ्ठी न्या. जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, आमच्याकडं दोन ते अडीच बंद असतं. वकीलपत्रावर आतल्या माणसाची सही लागते, ती जेलमधून घेऊन यायला दोन दिवस जातात, म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी धावत जाण्यात अर्थ नाही. फोन असेल तर 15100. आमच्या गिरणीत दळणाच्या दरांच्या पाटीखाली तो खडूनं लिहून ठेवलाय, पुसला की भाचाच परत लिहितो.